वांझ, निपुत्रिक आणि जोडपे: अपत्यहीनतेचे मराठी व्याकरण

१

मूल नसलेल्या स्त्रीसाठी मराठीत शब्द आहे: वांझ. मूल नसलेल्या पुरुषासाठीही शब्द आहे: निपुत्रिक. वरवर पाहता हे दोन शब्द एकमेकांचे प्रतिरूप वाटतात. प्रत्यक्षात ते दोन निराळ्या व्यवहारांतून आलेले आहेत. ‘वांझ’ हा शब्द शरीराविषयी बोलतो. तो झाडाला लागतो, गायीला लागतो आणि त्याच अर्थाने स्त्रीला लागतो. ‘निपुत्रिक’ हा शब्द वारशाविषयी बोलतो. राज्य, वतन, पिंडदान, आडनाव या गोष्टी पुढे कोणाकडे जाणार, ही त्या शब्दाची चिंता आहे. म्हणूनच चार मुली असलेला पुरुषही जुन्या व्यवहारात निपुत्रिकच ठरत असे. पुरुषाच्या शरीराविषयी बोलण्याचा प्रसंग आला, की भाषा ‘नपुंसक’, ‘षंढ’ अशा शब्दांकडे वळते. परंतु हे शब्द समागमाच्या असमर्थतेचे आहेत, बीजाच्या उणिवेचे नाहीत. ज्याचे वैवाहिक जीवन सुरळीत आहे, मात्र ज्याच्या वीर्यात पुरेसे शुक्राणू नाहीत, अशा पुरुषाला बोलीत नावच नाही. नाव नसल्यामुळे त्याला एकतर गप्प राहावे लागते, नाहीतर चुकीच्या नावाची भीती बाळगावी लागते.

आणि या दोघांसाठी मिळून तर शब्द नाहीच. संस्कृतातील ‘दम्पती’ हे रूप द्विवचनी आहे. त्यात दोघे दोन राहून एकत्र असतात. मराठीने द्विवचन टाकले. आपल्याजवळ उरले ‘दांपत्य’ आणि ‘जोडपे’. ही दोन्ही नपुंसकलिंगी एकवचने आहेत. ‘जोडपे आले’ असे म्हणताना दोन माणसे व्याकरणाच्या दृष्टीने एक वस्तू होतात.

व्याकरणातील हा तपशील वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. वंध्यत्वावरील आधुनिक उपचारांनी एक असा अनुभव निर्माण केला आहे, की जो स्वभावतः द्विवचनी आहे. दोन शरीरांची तपासणी, दोन नावांची एक फाईल, दोघांच्या सह्या आणि दोघांनी मिळून केलेली प्रतीक्षा हे त्याचे घटक आहेत. या अनुभवाला मराठी साहित्यात अद्याप त्याचा रूपबंध गवसलेला नाही. जे साहित्य त्याच्या जवळपास पोहोचले, त्याने तो स्त्रीच्या शरीराकडे किंवा पुरुषाच्या वारशाकडे वळवला. म्हणजे पुन्हा त्या दोन जुन्या शब्दांकडेच नेला. असे का झाले आणि या अनुभवाच्या रूपाची काही पूर्वखूण आपल्या परंपरेत आहे काय, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

या विचारासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याचा निर्देश उपयुक्त ठरतो. गी पॉइट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे प्रचंड संकलन केले, त्याच्या प्रमुख क्षेत्रांपैकी मुळशी हे एक. आणि हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान हेही याच तालुक्यात. वांझेच्या दुःखाची ओवी जिच्या ओठी होती ती पिढी आणि इंजेक्शनाची वेळ मोबाईलवर लावून कामावर जाणारी पिढी, या दोन्ही एकाच तालुक्याच्या रहिवासी आहेत. त्यांच्यामध्ये एक मोठे वाङ्मयीन अंतर आहे. ते अंतर ओलांडण्यापूर्वी आधी थोडे मागे जाऊ.

२

अपत्यप्राप्तीसाठी दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी काय, या प्रश्नावर पतिपत्नींनी केलेला एक विस्तृत संवाद महाभारताच्या आदिपर्वात आहे. शापामुळे पांडू पत्नीशी समागम करू शकत नाही. तो कुंतीला नियोगाचा आग्रह करतो. कुंती नकार देते. पण ती नुसते ‘नाही’ म्हणत नाही, तर व्युषिताश्व आणि भद्रा यांची कथा सांगते. मृत पतीपासूनही जिला संतती झाली, अशा पत्नीची ती कथा आहे. पांडू तिला उत्तर म्हणून उद्दालक आणि श्वेतकेतू यांची कथा सांगतो. विवाहाची मर्यादा कशी मानवनिर्मित आहे, हे त्याला दाखवायचे आहे. त्यानंतर कुंती दुर्वासाने दिलेल्या मंत्राचे रहस्य उघड करते.

या संवादाची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. दोघेही स्वतःच्या दुःखाविषयी थेट बोलत नाहीत. दोघेही दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगतात. ज्या विषयाला प्रथमपुरुषी भाषा नाही, त्याविषयी तृतीयपुरुषी कथांतून बोलण्याची ही युक्ती आहे. मात्र या कथा परस्परांना उद्देशून आहेत, एकमेकींना उत्तर देणाऱ्या आहेत. द्विवचन येथे व्याकरणात नाही, ते संवादाच्या घडणीत आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे या प्रसंगाचा शेवट. युधिष्ठिर, भीम आणि अर्जुन यांच्यानंतर पांडू आणखी पुत्राची इच्छा करतो. तेव्हा कुंती थांबते. तीनांपलीकडे जाणे धर्माला मान्य नाही, असे स्पष्ट सांगते. कोठे थांबायचे, हा निर्णय स्त्री घेते आणि पुरुषाला तो ऐकावा लागतो. आजच्या उपचारांतील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. तेथे थांबणे पुत्रप्राप्तीनंतरचे नसून अनेक अपयशांनंतरचे असते, एवढाच फरक.

आदिपर्वातच गांधारीची कथा आहे. दोन वर्षे गर्भ वाहूनही प्रसूती होत नाही. कुंतीला पुत्र झाल्याचे कळताच गांधारी स्वतःच्या पोटावर आघात करते. लोखंडासारखा कठीण मांसगोळा बाहेर पडतो आणि व्यास त्याचे शंभर व एक भाग करून ते तुपाच्या कुंभांत ठेववतो. जानेवारी २०१९ मध्ये जालंधर येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी या कुंभांना टेस्ट ट्यूब तंत्रज्ञानाचा प्राचीन पुरावा ठरवले होते. त्या विधानाचा वैज्ञानिक फोलपणा पुष्कळांनी दाखवला. त्याचे वाङ्मयीन फोलपण मात्र निराळे आहे. त्या वाचनाने कुंभ पाहिले. दोन वर्षांची प्रतीक्षा, जावेची बातमी ऐकताच उसळलेली व्यथा आणि स्वतःच्याच शरीरावर केलेला प्रहार यांतले काही पाहिले नाही. व्यासांची कथा ज्याविषयी आहे, तेच नेमके गळले.

इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने (१९६७) या व्यक्तिरेखांना माणूसपण परत मिळवून दिले, हे त्या ग्रंथाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तथापि विदुर हाच धर्माचा पिता असावा, ही त्यांची गाजलेली उपपत्तीही ‘मूल कोणाचे?’ या प्रश्नाची आहे. तो नात्यांच्या अभ्यासकाचा प्रश्न आहे. पांडू आणि कुंती परस्परांशी कसे बोलले, हा प्रश्न त्यानंतरही शिल्लक राहतो. ‘निपुत्रिक’ या शब्दाची पकड किती घट्ट आहे, याचेच हे निदर्शक म्हणावे लागेल.

३

आधुनिक मराठी रंगभूमीवर अपत्यहीन जोडपे वेळोवेळी आले आहे. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाची चर्चा बेणारेभोवती फिरते आणि ते योग्यच आहे. परंतु त्या नाटकात काशीकर पतिपत्नी निपुत्रिक आहेत आणि त्यांनी बाळू रोकडेला वाढवले आहे, या तपशिलाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. काशीकर दांपत्याचे परस्परांसाठी गजरा आणि बुशशर्ट घेणे हा नाटकातील विनोदाचा भाग होतो. अभिरूप न्यायालयात आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. न्यायाधीश होतात ते काशीकर. आणि अखेरीस बेणारेच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा निकाल देतात तेही काशीकरच. अविवाहित स्त्रीला नको तेव्हा राहिलेला गर्भ आणि विवाहितांना कधीच न राहिलेला गर्भ यांचा हा सामना आहे. नैतिक दांभिकतेच्या मुळाशी एक खाजगी उणीवही असू शकते, याची शक्यता तेंडुलकरांनी संहितेत ठेवली आहे. मात्र काशीकरांचे दुःख नाटकात उपहासाच्या पातळीवर राहते. बेणारेला स्वगत मिळते. काशीकरबाईंना मिळत नाही.

लोर्काचे ‘येर्मा’ (१९३४) हे नाटक मराठीत ‘चांगुणा’ या नावाने आले. जयदेव हट्टंगडी यांनी दिग्दर्शित केलेल्या या प्रयोगातील रोहिणी हट्टंगडी यांची भूमिका मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात राहिली. मूळ नाटकात मूल हवे असणारी येर्मा आणि मुलाची आच नसलेला तिचा पती हुआन यांच्यातील दरी वाढत जाते. अखेरीस ती त्याचा गळा दाबते आणि आपण आपले मूलच मारले, असे म्हणते. पती हाच संभाव्य मुलाचा एकमेव मार्ग होता, हे भयंकर सत्य त्या शेवटात आहे. परंतु या शोकात्मिकेचा संपूर्ण भार एका स्त्रीच्या अंतर्मनावर आहे. द्विवचनाची शक्यता तेथे हिंसेने संपते.

प्रशांत दळवी यांचे नव्वदच्या दशकातील ‘ध्यानीमनी’ हे नाटक या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. चंद्रकांत कुलकर्णी यांनी २०१७ मध्ये त्यावर चित्रपटही केला. शालू आणि सदानंद पाठक यांच्या घरात त्यांचा मुलगा मोहित सतत बोलण्यात असतो. त्याचे खाणे, त्याचा अभ्यास, त्याचे हट्ट यांनी घर भरलेले आहे. घरी आलेल्या पाहुण्यांना हळूहळू कळते, की मोहित नाहीच. एडवर्ड ॲल्बीच्या ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ (१९६२) या नाटकातील जॉर्ज आणि मार्था यांच्या कल्पित पुत्राची आठवण येथे अपरिहार्य आहे. तथापि दोन्ही नाटकांत मूलभूत भेद आहे. ॲल्बीकडे कल्पित मूल हे परस्परांवर चालवण्याचे शस्त्र आहे. दळवींकडे ते पतीने पत्नीसाठी, आणि पुढे बहुधा स्वतःसाठीही, सांभाळलेले घर आहे. सदानंदला मोहित नाही हे ठाऊक आहे आणि तरीही तो त्याच्याविषयी बोलतो. दोघांनी मिळून रचलेली आणि दोघांनाच समजणारी भाषा मराठी रंगभूमीवर येथे आकाराला येते. परंतु नाटकाला ती टिकवता येत नाही. पाहुणा येतो, निदान होते आणि जे द्विवचनी होते ते एका स्त्रीचा मनोविकार ठरण्याच्या दिशेने सरकते. ‘वांझ’ हा शब्द वैद्यकीय वेषात परत येतो.

४

वंध्यत्वाच्या उपचारांचा सार्वजनिक इतिहास येथे थोडक्यात ध्यानात घेतला पाहिजे. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये शरीराबाहेर फलित झालेल्या गर्भापासून पहिले मूल जन्मले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली. त्यांचा दावा नाकारण्यात आला, त्यांची अवहेलना झाली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून भारतातील शास्त्रीयदृष्ट्या नोंदलेली पहिली टेस्ट ट्यूब बालिका जन्मली. पुढे आनंद कुमार यांनीच मुखर्जींचे कागद तपासून त्यांच्या अग्रक्रमाला मान्यता दिली.

या घटनांतून कलेने काय उचलले, हे पाहण्यासारखे आहे. रमापद चौधुरी यांच्या ‘अभिमन्यू’ या बंगाली कादंबरीवर आधारित ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०) या तपन सिन्हांच्या हिंदी चित्रपटाने डॉक्टरची शोकांतिका उचलली. त्यात संशोधनाचा विषयही मुख्यतः कुष्ठरोगावरील लस असा झाला. समृद्धी पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ (२०११) या मराठी चित्रपटाने सरोगसी उचलली. मूल कोणाचे, जिने वाढवले तिचे की जिने मागवले तिचे, हा त्याचा पेच आहे. दोन्ही कलाकृती आपापल्या जागी मोलाच्या आहेत. मात्र पहिलीत उपचार घेणारे जोडपे पार्श्वभूमीला जाते; दुसरीत उपचार आरंभीच संपतो आणि खरे नाट्य मूल झाल्यानंतर सुरू होते.

याचे कारण केवळ लेखकांच्या रुचीत शोधून भागणार नाही. ते या अनुभवाच्या कालतत्त्वात आहे. उपचाराचे एक आवर्तन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीने सुरू होते. सुमारे दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, मग एक शेवटचे इंजेक्शन, ज्याची वेळ मिनिटांच्या हिशेबाने पाळायची, त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी भूल देऊन स्त्रीबीजे काढणे, प्रयोगशाळेत फलन, तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी गर्भाशयात रोपण, आणि मग जवळजवळ दोन आठवडे काहीच न करणे. अखेरीस एक रक्ततपासणी. एका आवर्तनात यशापेक्षा अपयशाचीच शक्यता बहुधा अधिक असते. अपयश आले, की पुन्हा पाळीचा दुसरा दिवस.

ज्युलिया क्रिस्तेवा यांनी १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात स्त्रीच्या काळाचा संबंध आवर्तनाशी आणि शाश्वततेशी जोडला आणि इतिहासाच्या रेषीय काळाहून तो वेगळा दाखवला. उपचाराच्या काळात हे दोन्ही काळ परस्परांत अडकतात. आवर्तनाच्या काळावर घड्याळाचा काळ लादला जातो आणि पुरुषालाही, कदाचित आयुष्यात प्रथमच, पत्नीच्या पाळीच्या दिनदर्शिकेप्रमाणे जगावे लागते. फ्रँक करमोड यांनी ‘द सेन्स ऑफ ॲन एंडिंग’ (१९६७) मध्ये दाखवल्याप्रमाणे कथेतील मधल्या काळाला अर्थ मिळतो तो शेवटाच्या अपेक्षेमुळे. येथे अपेक्षा दर महिन्याला पूर्ण तीव्रतेने असते आणि शेवट मात्र घटना म्हणून येतच नाही. तो ‘न घडणे’ म्हणून येतो. ‘पाळी आली’ हे दोन शब्दांचे वाक्य एवढाच त्याचा आविष्कार. घटनाप्रधान कथेला या वाक्याचे काय करावे हे कळत नाही. म्हणून ती मूल जन्माला घालते, नाहीतर कोणाला वेड लावते, नाहीतर कोणाचा जीव घेते.

प्रस्तुत लेखक आणि त्याची पत्नी हे या उपचारांतून चार वर्षे गेलेले आहेत. हा उल्लेख सहानुभूतीसाठी नाही. भाषेविषयीच्या दोन निरीक्षणांचा आधार म्हणून केला आहे. पहिले निरीक्षण असे, की घरात सर्व विषय मराठीत बोलणारी माणसे या विषयावर आली की नामे इंग्रजी आणि क्रियापदे मराठी वापरू लागतात. ‘एग्ज काढली’, ‘ट्रान्सफर झाली’, ‘बीटा निगेटिव्ह आली’. मराठीत ‘मूल होणे’ ही क्रिया कर्त्याविना घडते. ‘त्यांना मूल होत नाही’ या वाक्यात जोडपे चतुर्थीत, म्हणजे घेणाऱ्याच्या जागी आहे. ‘चान्स घेणे’ या बोलीतील प्रयोगाने त्यांना कर्तृत्व दिले खरे, पण ते जुगाऱ्याचे. उपचारांनी त्यांना सह्या करणारे, पैसे भरणारे, निर्णय घेणारे कर्ते केले; पण त्या कर्तृत्वाची मराठी क्रियापदे अजून घडायची आहेत.

दुसरे निरीक्षण प्रतीक्षागृहातील आहे. तेथे पुरुषाला त्याच्या नावाने कोणी हाक मारीत नाही. तो ‘पेशंटचे मिस्टर’ असतो. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथून ज्या तंत्राने पहिली मुले जन्मल्याचे जाहीर झाले, त्या तंत्रात एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडतात. पुरुषातील उणिवेवर तो मोठा उपाय ठरला. परंतु त्यासाठी इंजेक्शने, भूल आणि शस्त्रक्रिया हे सर्व स्त्रीच्याच शरीरावर होते. उणीव त्याची, सुई तिला. पुरुषाचे काम एका बंद खोलीत काही मिनिटांत संपते आणि मग त्याला करण्यासारखे काही उरत नाही. या रिकामपणातील अपराधभाव, अनावश्यकता आणि पत्नीविषयीचे ऋण यांचे एकही प्रगल्भ चित्रण मराठीत रूढ झालेले नाही, कारण त्या पुरुषाला आपण अद्याप नावच दिलेले नाही.

सहायक प्रजनन तंत्रज्ञानाविषयीच्या २०२१ च्या कायद्याने वंध्यत्वाची व्याख्या करताना ‘जोडपे’ हे एकक मानले. एक वर्षाच्या सहवासानंतरही गर्भधारणा न होणे, ही दोघांची मिळून स्थिती ठरली. कायद्याची व्याख्या रुग्णालयाच्या फाईलपुरती असते. ती घरात, बारशाच्या आमंत्रणात, सासूच्या प्रश्नात पोहोचत नाही. तरीही कायद्याची भाषा या बाबतीत साहित्याच्या भाषेपुढे गेली आहे, हे समीक्षकाने अस्वस्थ होऊन नोंदवले पाहिजे.

५

आता मुळशीकडे वळू. पॉइट्व्हँ आणि राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून सहकाऱ्यांसह केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. २०१७ पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ने त्यांचे प्रकाशन सुरू केले. नांदगाव, कोळवडे अशा मुळशीतील गावांच्या स्त्रियांचा या संकलनात मोठा वाटा आहे. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’पासून आपण ओवीकडे बहुधा मायेची, माहेराची आणि भक्तीची कविता म्हणून पाहत आलो. वांझपणाची ओवी या चौकटीत अडचणीची ठरते. भरल्या घरातील उणीव, ओटीच्या कार्यक्रमातील टाळाटाळ, दुसरेपणावर दिले जाण्याची किंवा सवत येण्याची भीती हे तिचे विषय.

येथे आशयापेक्षा रूपाकडे लक्ष वेधायचे आहे. पहिली गोष्ट: जाते फिरते ते वर्तुळात आणि ओवी उलगडते ती त्या वर्तुळाच्या गतीने. तिला कथानक नसते, शेवटाकडे धाव नसते. ती परत परत आरंभाशी येते. प्रत्येक वेळी तेच दुःख थोड्या वेगळ्या शब्दांत मांडण्याची मुभा ती देते. जे घडत नाही त्याविषयी रोज पहाटे बोलता येईल, असा हा घाट आहे.

दुसरी गोष्ट: ओवीतील ‘मी’ कोणा एकीच्या मालकीचा नाही. चार मुले असलेली स्त्री वांझेची ओवी म्हणू शकते आणि म्हणताना त्या ‘मी’मध्ये राहायला जाऊ शकते. वांझेविषयी बोलणारी ओवी आणि वांझेने म्हटलेली ओवी यांत संहितेच्या आधारे भेद करता येत नाही. ज्या समाजव्यवहारात वांझेला ओटीच्या पंगतीतून दूर ठेवले जाते, त्याच समाजातील स्त्रिया गाण्यात मात्र तिचा ‘मी’ उसना घेतात. हा अंतर्विरोध लोकसाहित्याच्या भाबड्या गौरवाने किंवा सरसकट निषेधाने सुटणारा नाही.

तिसरी गोष्ट: दळायला पुष्कळदा दोघी बसतात. खुंट्यावर दोघींचे हात, समोरासमोर दोघींचे चेहरे आणि ओवीही बव्हंशी दोन ओळींची. द्विवचन येथे देहाच्या हालचालीत आहे. मात्र ते दोन स्त्रियांचे आहे. नवरा या गाण्याच्या कक्षेबाहेर झोपलेला आहे. ओवी ज्याला साद घालते तो पुरुष पुष्कळदा भाऊ असतो. हे स्वाभाविकही आहे: मूल न होण्याचे खापर जिच्यावर फुटते, ती ज्याच्यामुळे फुटते त्याच्यापाशी कशी बोलणार?

म्हणून ओवीकडे परत जा, असे येथे सुचवायचे नाही. जाते हे कष्टाचे साधन होते. गिरणी आली तेव्हा बायकांनी ते आनंदाने कोपऱ्यात सारले. सुचवायचे आहे ते एवढेच, की न घडणाऱ्या गोष्टीचा काळ धरून ठेवणारा, दुःखाचा ‘मी’ वाटून घेणारा आणि दोघांच्या हातांनी चालणारा एक घाट मराठीत होता. त्यात पुरुषाला जागा नव्हती. आजच्या मुळशीत हिंजवडीहून रात्री परतलेला नवरा पत्नीला पोटात इंजेक्शन देतो तेव्हा समोरासमोर बसलेल्या त्या दोघींपैकी एकीची जागा त्याच्याकडे आलेली असते. ही जागा त्याला भाषेतही घेता येईल काय, हा मराठी कादंबरीपुढील प्रश्न आहे. भूखंडांच्या विक्रीतून उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबाची गोष्ट ‘मुळशी पॅटर्न’ (२०१८) या चित्रपटाने सर्वदूर नेली. जमीन आणि तिचा वारस यांची कथा सांगण्याची सवय आपल्याला आहे. ‘निपुत्रिक’ या शब्दाच्या मागे शतकांची ती सवय उभी आहे. शयनगृहातील त्या इंजेक्शनाची कथा सांगण्याची सवय नाही.

६

अखेरीस समीक्षेच्या स्वतःच्या भाषेविषयी. ‘वांझोटी चर्चा’, ‘वांझोटे वाद’ हे शब्दप्रयोग आपल्या नियतकालिकांतून आणि चर्चासत्रांतून सर्रास आढळतात. लेखनाला आपण ‘सृजन’ म्हणतो, त्याच्या कष्टांना ‘प्रसववेदना’ म्हणतो, न लिहिणाऱ्या कवीच्या काळाला ‘वंध्यकाळ’ म्हणतो. वाङ्मयनिर्मितीचे संपूर्ण रूपक आपण गर्भधारणेवर उभारले आहे आणि त्या रूपकाचा उणे ध्रुव म्हणून वांझ स्त्रीला उभे केले आहे. आजार हा रूपक झाला की रुग्णावर दुहेरी भार पडतो, हे सुझन सोंटाग यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले. वंध्यत्वाच्या बाबतीत तो भार टाकणाऱ्यांत समीक्षक आघाडीवर आहेत. निष्फळ वादाला ‘निष्फळ’ म्हणून भागते. ‘वांझोटा’ म्हणण्याने वादाविषयी अधिक काही कळत नाही. फक्त वर्गात बसलेल्या एखाद्या विद्यार्थिनीला किंवा प्राध्यापिकेला मान खाली घालावी लागते.

हे शब्दांचे सोवळे नव्हे. ‘वांझ’ हा शब्द साहित्यातून हद्दपार करावा, असेही नाही. ओवीत तो आहे आणि तेथे तो वेदनेचा शब्द आहे. प्रश्न तो कोण, कोणाला उद्देशून आणि कोणाच्या जागी उभे राहून वापरते, याचा आहे. ओवीत तो उसना घेतलेल्या ‘मी’ने उच्चारलेला असतो, समीक्षेत तो स्वतःची सुफलता गृहीत धरून दुसऱ्याला चिकटवलेला असतो.

या अनुभवावरील मराठी साहित्य येत्या काळात लिहिले जाईल, असे मानायला जागा आहे. उपचार घेणारी जोडपी आता शहरापुरती राहिलेली नाहीत आणि त्यांच्यातील पुष्कळजण वाचणारे-लिहिणारे आहेत. ते साहित्य आले म्हणजे समीक्षेने त्याला काय विचारावे? मूल झाले की नाही, हे विचारू नये. तो प्रश्न नातेवाइकांचा आहे. डॉक्टर चांगला की वाईट, तंत्रज्ञान वर की शाप, हेही दुय्यम समजावे. विचारावे ते असे: या लेखनात प्रतीक्षेला स्वतःचा काळ मिळाला आहे, की ती केवळ निकालाची पूर्वतयारी आहे? थांबण्याचा निर्णय येथे कोण घेते आणि दुसरे माणूस तो कसा ऐकते? आणि ‘पाळी आली’ हे वाक्य न्हाणीघराच्या दारातून उच्चारले जाते, तेव्हा बाहेर उभ्या असलेल्या पुरुषाला लेखकाने त्याचे वाक्य दिले आहे काय?